चमच्याची झोप

आमच्या दुकानात दुपारचं जेवण झालं की सगळे एका आवाजाची वाट बघत बसायचे. मोठे काका त्यांच्या लाकडी खुर्चीत ताठ बसायचे, उजवा हात खुर्चीबाहेर लोंबता सोडायचे, त्या हाताच्या दोन बोटांत एक स्टीलचा चमचा धरायचे आणि डोळे मिटायचे. चमच्याच्या बरोब्बर खाली, फरशीवर, रंगाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण उपडं ठेवलेलं. काका झोपेत शिरले की बोटं ढिली पडायची, चमचा सुटायचा, ठण्ण आवाज व्हायचा आणि काका डोळे उघडून उठायचे. उठून थेट टेबलाशी. टेबलावरच्या जाड राखाडी लोकरी कापडावरून एकदा तळहात फिरवायचे, काचेचा कण राहिला नाही ना ते चाचपायला, आणि म्हणायचे, "आणा."

म्हणजे काच आणा.

आमचं दुकान काचांचं आणि आरशांचं. पुढे गल्ला, मध्ये टेबल, मागे काकांची खोली, त्याच्या बाजूला स्वयंपाकघर, आणि वर आम्ही चौघं: बाबा, आई, दादा आणि मी. काका बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. आई म्हणते त्यांनी टेबलाशीच संसार मांडला, आणि हे ती कौतुकानं म्हणते असं मला खूप वर्षं वाटत होतं.

बाजारात काकांना कुणी नावानं ओळखतच नाही. सगळे त्यांना "एकरेघे" म्हणतात. नवीन गिऱ्हाइकाला ते आडनावच वाटतं. कारण असं की काच कापायची म्हणजे खरं तर कापायचीच नसते. रॉकेलात बुडवलेल्या हिऱ्यानं तिच्यावर एक रेघ ओढायची, खाली पेन्सिल सरकवायची, दोन्ही बाजूंनी दाबायचं, टिचकी मारायची, की काच आपणहून त्या रेघेवर दुभंगते. पण रेघ एकदाच. त्याच रेघेवरून हिरा दुसऱ्यांदा फिरला की काच बिथरते आणि वाट्टेल तिकडे फुटते. हे काका मला मी दुधाच्या दातांची होते तेव्हापासून सांगायचे, आणि त्या टिचकीवरूनच त्यांनी माझं नाव टिचकी ठेवलं.

तर काकांनी तरुणपणी कधीतरी भर बाजारात छाती काढून सांगून ठेवलं होतं, की ज्या दिवशी मी एका काचेवर दोनदा रेघ ओढेन, त्या दिवशी मला या टेबलावरून उठवा. बाजाराला हे वाक्य पाठ होतं. बाबांना तर झोपेतसुद्धा आठवत असणार.

कारण बाबांना यंत्र घ्यायचं होतं. काच सरकवा, आकडे टाका, बटण दाबा, काच कापून बाहेर. दादाला ते यंत्र चालवायचं होतं. दादा सात वर्षं काकांच्या हाताखाली शिकला, हात बरा आहे त्याचा, पण त्याला उभं राहायचा कंटाळा आणि बोटांना रॉकेलचा वास येतो याची लाज. यंत्राला जागा हवी होती ती टेबलाचीच. आणि टेबल काकांनी स्वतः बांधलेलं. बाबा विषय काढायचे, काका म्हणायचे, "मी आहे तोवर नाही." बाबा हसायचे. आमचे बाबा कधी चिडत नाहीत. ते नुसतं हसतात आणि वाट बघतात.

आता माझं सांगते. या वर्षी मला अचानक बोलता यायला लागलं. म्हणजे तोंड आधीही होतं, पण वर्गात उभं राहिलं की मी पहिलंच वाक्य गिळायचे. मग विज्ञानाच्या बाईंनी प्रत्येकीला एक विषय घेऊन दहा मिनिटं बोलायला लावलं आणि मी घेतला दुपारच्या झोपेचा. काकांमुळेच. आठवडाभर मी वाचलं, आणि एका संध्याकाळी जेवायच्या टेबलाशी सगळ्यांसमोर सराव केला. दुपारी पेंग येते ती फक्त जेवल्यामुळे नाही, शरीरातल्या घड्याळालाच तेव्हा उतार असतो. थोडी झोप घेतली तर मेंदू वरवरच्या झोपेत राहतो. उठलं की लक्ष चांगलं लागतं, हात चलाख होतो, आठवणसुद्धा ताजी राहते. काकांचा चमचा नेमका त्याच्यासाठी आहे, कारण झोप लागताना स्नायू ढिले पडतात आणि खोल बुडायच्या आधीच चमचा त्यांना काठावर ओढून काढतो. मी हे हातवारे करून, चमचा पाडूनबिडून सांगितलं. काका खूष झाले. म्हणाले, मी आपला गुरूनं सांगितलं म्हणून धरत होतो, आज कळलं का धरतो ते.

दादा मोबाईलमध्ये होता. आई वाढत होती. आणि बाबा, जे माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा मध्येच उठून जातात, ते हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते.

"आणि चमचा पडलाच नाही तर?" त्यांनी विचारलं.

मला काय आनंद झाला. प्रश्न. खराखुरा प्रश्न. मी म्हटलं, मग माणूस खोल झोपेत जातो. तासाभरानं त्याला हलवून उठवलं तर मेंदू अर्धा आतच राहतो. उठतो, चालतो, बोलतो, पण डोक्यात धुकं असतं. आत्ता केलेली गोष्ट आठवत नाही, हात जड, निर्णय चुकतात. कधीकधी अर्धा तास लागतो ते उतरायला.

"अर्धा तास," बाबा म्हणाले. "असं असतं होय."

बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझं नीट ऐकलं, आणि शाळेत मला टाळ्या पडल्या तेव्हासुद्धा मी एवढी फुशारले नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात नाचाच्या बाईंची काच आली. त्यांच्या वर्गाच्या अख्ख्या भिंतीला लावायचा आरसा, एकाच तुकड्यात, आमच्या दुकानात आजवर आलेला सगळ्यात मोठा. एका कडेची पट्टी तेवढी कापायची होती, पण ती वरपासून खालपर्यंत, एका दमात. बाई म्हणाल्या होत्या की कापताना मी स्वतः येणार, मला बघायचंय. बाबांनी त्यांना दुपारची वेळ दिली. काका म्हणाले, चालेल, चमचा पडला की करतो.

मी शाळेतून आले तेव्हा दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं आणि आत सगळे कुजबुजत होते. नाचाच्या बाई स्टुलावर, पाय एकमेकांवर टाकून. बाबा गल्ल्याशी. दादा टेबलापाशी, आणि टेबलावर तो भलामोठा आरसा आडवा, छताला तोंड करून. दुकानातला पंखा त्याच्यात उलटा फिरत होता.

आणि काका खुर्चीत. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार शर्टाच्या कॉलरपर्यंत आलेली. मी काकांना असं कधी बघितलं नव्हतं. काका झोपतानासुद्धा नीटनेटके दिसायचे, जणू फोटो काढायला बसलेत.

मी बाबांना विचारलं, काका अजून झोपलेत कसे. बाबा हळूच म्हणाले, "दमलेत बिचारे. जेवल्यापासून झोपलेत."

मी चमचा शोधला. तो खाली पडलेला होता, जिथे पडायचा तिथेच. पण झाकणावर कापड होतं. राखाडी, जाड, दोन घड्या घालून बरोब्बर झाकणाच्या आकाराचं बसवलेलं. चमचा त्याच्यात असा रुतला होता जणू त्यालाही कुणी अंथरूण घालून दिलंय. मी टेबलाकडे बघितलं. टेबलाच्या मागच्या कोपऱ्यातलं कापड गायब होतं, खालचं लाकूड उघडं पडलं होतं.

दादा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितल्यावर तो पंख्याकडे बघायला लागला.

मला सगळं एकदम कळलं असं नाही. पण एक नक्की कळलं, की काका या घडीला खोल झोपेत आहेत आणि आत्ता उठवलं तर त्यांच्या डोक्यात धुकं असणार. मी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना उठवा, पण लगेच काच देऊ नका. तोंड धुऊ दे, जरा चालू दे, अर्धा तास जाऊ दे. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाईंकडे वळून मोठ्यानं म्हणाले, आमची शास्त्रज्ञ आहे ही, आणि तुम्हाला अर्धा तास थांबवा म्हणतेय. बाईंनी घड्याळ बघितलं. म्हणाल्या, माझा वर्ग आहे हो.

"ऐकलंस?" बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक आहे, प्रयोग नाही."

मग मी कॉफी करायला धावले. वाटलं, निदान कडक कॉफी तरी पोटात जाऊ दे. स्वयंपाकघराच्या भिंतीत दुकानाकडे उघडणारी एक खिडकी आहे, तिला दोन वर्षं काच नाही. काचवाल्याच्या घरात काच नाही, यावर येणारा प्रत्येक पाहुणा तोच एक विनोद करतो. तिच्यातून दिसत काही नाही, मध्ये कपाट आहे, पण ऐकू सगळं येतं. दादानं काकांना हलवलं ते ऐकू आलं. "काका. काका, उठा. माणसं उभी आहेत." मग खुर्ची करकरली. काका काहीतरी पुटपुटले, सकाळ झाली का असं काहीसं, आणि बाई हसल्या. पावलं फरफटत टेबलाकडे गेली. तळहात कापडावरून फिरल्याचा आवाज नेहमी येतो, तो आला नाही, आरसा आधीच मांडून ठेवला होता.

मी दूध ओतत होते तेव्हा रेघेचा आवाज आला. सर्रर्र. लांबलचक, एकसारखा, कुठे न अडखळता, नवीन कापड एका ओढीत फाडावं तसा. मी त्या आवाजात मोठी झालेय. काकांची ती रेघ अस्सल होती, धुक्यातसुद्धा हातानं ओळख सोडली नव्हती. मला हायसं वाटलं, आणि मी साखर जरा जास्तच घातली.

कप घेऊन बाहेर आले तर काका टेबलाशी उभे. हिरा रॉकेलच्या वाटीत ठेवलेला, रेघ आखायची पट्टी अजून आरशावर, हातात पेन्सिल. पण पेन्सिल खाली सरकवायची सोडून ते तिच्याकडे बघत होते, ही इथे कशी आली असं. डोळे लाल. गालावर खुर्चीच्या पाठीचा वळ. मग त्यांनी आरशाकडे बघितलं. रेघ अशी सहज दिसत नाही, उजेडात तिरकं बघावं लागतं. आणि उजेडात बाबा उभे होते.

"ओढली का रे मी?" काकांनी विचारलं.

पंखा तेवढा फिरत होता. मी दाराशी, कप हातात, आणि मला वाटलं आता दादा म्हणणार, हो काका, ओढलीत, झकास आहे.

"नाही काका," दादा म्हणाला. "नुसती पट्टी ठेवलीत."

"ओढलीत," मी म्हटलं. "काका, ओढलीत तुम्ही. मी आतून ऐकली."

बाबा हसले. "हिला स्वयंपाकघरातून काचा ऐकू येतात. वर्गात गणिताच्या बाई समोर ओरडतात ते तेवढं ऐकू येत नाही." नाचाच्या बाईंना ते भलतंच आवडलं. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग दादाकडे. त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनीच दादाला सात वर्षं घोटून घोटून शिकवला होता: काच कापताना दुकानात दहा माणसं असोत, काचेशी जो उभा असेल त्याचंच ऐकायचं. बाकीचे लांबून बोलतात.

"टिचकी, तू इथे उभी होतीस का?"

"नाही, पण काका..."

"मग."

त्यांनी वाटीतून हिरा उचलला.

दुसरी रेघ मी आयुष्यभर विसरणार नाही. करकर आवाज, दाताखाली वाळू आल्यासारखा. अर्ध्यावर काकांचा हात थांबला. त्यांना कळलं. त्या आवाजानं त्यांच्या डोक्यातलं धुकं असं फाटलेलं मी बघितलं, जसं खरं तर माझ्या कॉफीनं फाटायला हवं होतं. पण अर्ध्यावर सोडलेली दुसरी रेघ ही आणखीच वाईट. त्यांनी मान वर केली नाही. हात शेवटपर्यंत नेला, पेन्सिल सरकवली, दाबलं, आणि टिचकी मारली.

काच रेघेवरून निघाली, वीतभर शहाण्यासारखी गेली, आणि मग वळली. आरशाच्या पोटातून, पंख्याच्या मधोमध, पार समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन तुकड्यांत पंखा दोन जागी फिरायला लागला. एकात बाबा होते, एकात दादा.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पुढे आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे भाऊ. वय झालं आता. मनाला लावून घेऊ नकोस." इतक्या मऊ आवाजात, की बाईंचे डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, पुढची काच तुमच्या मुलाकडूनच करून घ्या हो, यांना कशाला त्रास. आणि बाबा म्हणाले, तसंच करावं लागणार, यांनी स्वतःच शब्द देऊन ठेवलाय ना बाजाराला.

म्हणजे त्यांनी आठवणसुद्धा करून दिली. परक्या बाईसमोर.

काकांनी हिरा धरताना घालायचं बोटावरचं चामडी टोपण काढलं. हिरा पुसला, दादाच्या हातात ठेवला. दादानं मूठ पटकन मिटली, कुणी परत मागेल अशी.

"टेबल सोडलं," काका म्हणाले.

मग ते माझ्याकडे आले, माझ्या हातातला कप घेतला आणि उभ्या उभ्याच सगळी कॉफी प्यायले. कप परत देताना म्हणाले, "छान झालीय. आता डोकं एकदम साफ वाटतंय."

त्या दिवशी जेवताना मी ते राखाडी कापड ताटांच्या मधोमध नेऊन ठेवलं. हो, मी. जी आधी पाहुण्यांसमोर पाणीसुद्धा नेऊन द्यायची नाही. आई म्हणाली, जेवताना ते घाणेरडं फडकं नको गं. मी म्हटलं, हे टेबलाच्या कोपऱ्याचं आहे आणि आज हे चमच्याखाली होतं, कुणी ठेवलं ते विचारा. मला वाटलं आता घर हादरणार. बाबांचा चेहरा उतरेल, दादा रडेल, आई मध्ये पडेल.

बाबांनी घास संपवला. "मीच ठेवलं," ते म्हणाले. "दमलेला माणूस, म्हटलं झोपू दे. झोप किती चांगली असते ते तूच नाही का सांगितलंस सगळ्यांना?"

"आणि रेघ? दादा खोटं बोलला."

"मला वाटलं ओढली नाही," दादा ताटाकडे बघत म्हणाला.

काकांनी कापड उचललं. उलटंसुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला. आता बोलतील. भाऊ भावाला बोलतील, गुरू चेल्याच्या कानाखाली काढतील.

"सुबक कापलंय," काका म्हणाले. "कुठे तंतू सुटला नाही. कुणी कापलं?"

दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी."

"हात बसला तुझा." कापड त्यांनी बाजूला ठेवलं आणि आईकडे भात मागितला.

आईनं दोन वाढण्या जास्तच वाढला. तिची माया तेवढीच, ताटापुरती.

यानंतर सगळे काकांशी इतके गोड वागायला लागले की बघवत नव्हतं. आईनं मागच्या खोलीत त्यांच्या पलंगावर नवी गादी घातली, खिडकीला जाड पडदा लावला. जेवण झालं की म्हणायची, पडा आता निवांत, कोण उठवतंय तुम्हाला. आणि खरंच कुणी उठवायचं नाही. काका जेवल्यावर झोपायचे ते दिवे लागायच्या वेळेला उठायचे. उठले की चेहरा सुजलेला, डोकं ठणकलेलं, जीभ जड. मग रात्री झोप नाही. मग दुसऱ्या दिवशी जेवण व्हायच्या आधीच पेंग. मला पुस्तकातलं आठवायचं: दिवसा भरपूर झोपलं की रात्रीच्या झोपेची भूक मरते. पुस्तकात ते एका ओळीत लिहिलेलं असतं. आमच्या घरात ते चपला फरफटत फिरायचं, चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधायचं, आणि मला दोनदा दादाच्या नावानं हाक मारायचं.

बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, भाऊ आता आराम करतात. गिऱ्हाइकं म्हणायची, नशीबवान आहेत. आणि बाजारानं, जो काही विसरत नाही, त्यांचं नाव बदललं. शेजारचा चौकटीवाला मला विचारतो, "काय गं, दुरेघे उठले का?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही, पण तो परत विचारत नाही.

एकदा मी काकांच्या खोलीत गेले, खुर्ची पलंगाशी ओढली, झाकण खाली ठेवलं, चमचा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, काका, नेहमीसारखं बसा ना. दहाच मिनिटं. बघा कसं ताजं वाटतं ते. तुम्हाला आठवतंय ना?

त्यांनी चमचा बोटांत धरला. बोटांना बरोबर जागा आठवत होती. मग त्यांनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"उठून करू काय?"

माझ्याकडे दहा मिनिटांचं भाषण होतं. झाकण तिथेच सोडून मी बाहेर आले.

टेबल न्यायला माणसं आली ती दुपारी. बाबांनी वेळ मुद्दामच ती ठरवली होती. पलीकडच्या रस्त्यावरच्या शिंप्यानं घेतलं होतं, कापड बेतायला. आई म्हणाली, बरंच झालं, त्यांना बघवलं नसतं. दोन हमाल आले, बाबांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि सगळं चोरपावलांनी सुरू झालं. टेबलाच्या पायांखाली दादानं जुनी गोणपाटं सरकवली, फरशीवर आवाज होऊ नये म्हणून. या घरातली माणसं कुणाला न उठवण्यात फार तरबेज झालीत.

मी शाळेतून नुकतीच आले होते. टेबल तिरकं करून दाराकडे वळवलेलं बघितलं आणि माझं डोकं सणकलं. मी काकांच्या खोलीत गेले. ते झोपले होते, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबता. तो हात तेवढा अजून जुन्या सवयीत होता. झाकण त्या हाताखाली तसंच होतं, त्या दिवशी मी ठेवलेलं. कट्ट्यावर चमचा होता. आईनं धुतलेलं ते राखाडी कापडही तिथेच वाळत होतं.

मला वाटलं, ते उठतील, बाहेर येतील, दारात आडवे उभे राहतील. म्हणतील, ठेवा खाली. मला हे डोळ्यांसमोर दिसलंच. मी चमचा उचलला, खांद्याइतका वर धरला आणि झाकणावर सोडला.

ठण्ण.

काका उठले. झटक्यात, जुन्यासारखे. डोळे उघडे, पण डोळ्यांत कुणी नव्हतं. माझ्या बाजूनं गेले, मला बघितलंही नाही, थेट बाहेर. हमालांनी टेबल एका कुशीवर उचलून धरलेलं होतं. काका त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि त्या उभ्या, भिंतीसारख्या झालेल्या कापडावरून त्यांनी तळहात फिरवला. वरपासून खालपर्यंत, नीट, कण चाचपत.

"आणा," ते म्हणाले.

पुढचा हमाल हसला. त्याचा दोष नाही, त्याला काय माहीत. मग दादा हसला, त्याला सगळं माहीत होतं. बाबा हसले नाहीत. त्यांनी काकांचा हात हळूच टेबलावरून काढला, लहान मुलाचा चुलीवरून काढतात तसा, आणि हमालांना म्हणाले, "चला, चला. त्यांचं असंच होतं आता."

टेबल दारातून गेलं. काका रिकाम्या जागेकडे बघत राहिले. फरशीवर चार पायांच्या चार पांढुरक्या खुणा होत्या. आणि मी तिथे उभी राहून बघत होते, ते धुकं त्यांच्या डोळ्यांतून कसं उतरतंय ते. या वेळी अर्धा तास लागला नाही. मला वाटत होतं की लागावा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चमचा तू टाकलास?"

"हो काका."

"पुन्हा टाकू नकोस, टिचकी."

रागावले असते तर मी काहीतरी बोलले असते. हल्ली मला सगळ्यावर बोलता येतं. ते माझ्या गालाला हात लावून आत गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी वाकून चमचा उचलला, पुसला, कट्ट्यावर ठेवला. कट्ट्यावरचं ते राखाडी कापड घेतलं, झटकलं, दोन घड्या घातल्या, आणि खाली बसून झाकणावर पसरलं. एक कड जरा बाहेर आली होती. ती त्यांनी अंगठ्यानं आत सरकवली, नीट जुळली का ते मान तिरकी करून बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.